आधी झुकायचं

मकाएत रविवारी रात्री दीड वाजता
संगणकांच्या खोलीत पंखे जागे असतात
आणि जुसारा.
पडद्यावर एक नळी लोंबते आहे काळ्या समुद्रात,
दीड किलोमीटर लांब, पोलादी पट्ट्या गुंडाळलेली, आत तेल,
आणि वाकणारी.
घोडं पेंड खातं ते इथेच, वाकण्यापाशी.

पाणी तिला ढकलतं. ती सरकते.
ती सरकली म्हणून पाण्याची वाट बदलते,
बदललेलं पाणी पुन्हा ढकलतं, वेगळं.
एक प्रोग्रॅम पाण्याचा, एक नळीचा,
एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही.
मधे जुसारानं लिहिलेला दुभाषा निरोप पोचवतो:
इतका दाब. इतकी सरकले.
छे, मग इतका. मग मीही इतकी.
सेकंदाच्या हजाराव्या भागावर एकमत व्हायला
चाळीस निरोप.
मग पुढचा हजारावा भाग,
आणि पहिले पाढे पंचावन्न.

नळी पाण्याहून फार जड असती
तर तिनं ऐकूनच घेतलं नसतं, वाद तिथेच संपला असता.
पण दोघांचं वजन जवळपास सारखं.
बरोबरीच्यांचं भांडण फार वेळ चालतं
हे जुसाराला घटस्फोटाआधीही माहीत होतं.

तीन मिनिटांचं वादळ.
मोजायला एकोणीस दिवस.
नळी टाकणारं जहाज गुरुवारी संध्याकाळी सुटणार.

जाळी विरळ करून पाहिली:
भोवरे निसटून गेले, लहान मासळीसारखे.
पावलं मोठी टाकून पाहिली:
नळी तिसऱ्याच पावलाला आकाशात गेली.
एव्हानिल्दो म्हणाला, आणखी यंत्रं मिळणार नाहीत,
आणि फोन ठेवण्याआधी, उगाच, तब्येत सांभाळ म्हणाला.

सकाळी ती वडिलांकडे गेली, अंघोळ करायला.
ओलेगारियो, अग्निशमन दलात बत्तीस वर्षं,
आता परसातल्या कृष्णफळाच्या वेलाला पाणी घालतात
आगीला घालावं तसं.
नळ पूर्ण सोडलेला, पाइप सापासारखा उसळलेला,
आणि म्हातारा, कंबर पुढे, डावा गुडघा किंचित वाकवून,
पाइपनं ओढण्याआधीच झुकलेला.

तुम्हाला कसं कळतं?
"ओढल्यावर कळलं तर उशीर झाला, पोरी.
मागचे दोन-तीन झटके हातात असतात.
दर वेळी नवाच पाइप समजून धरला असता
तर पहिल्याच वर्षी दात गेले असते."
मग त्यांनी कॉफी गार झाल्याची तक्रार केली.
ती ओल्या केसांनीच निघाली होती.

दुभाष्याला तिनं स्मरण दिलं.
मागची वीस पावलं, त्यांतली सगळी भांडणं,
कोण कशावर किती नमलं त्याची वही.
आणि पुढचं पाऊल पडण्याआधी एक अंदाज.
पहिल्या धावेत सगळं फिसकटलं:
फार जुनं आठवत होता तो,
एकाच गोष्टीची दोन टोकं एकदम सांगत होता.
मग वही चाळली, शिळं काढून टाकलं,
आठ पावलं ठेवली.
चाळिसाचे सहा निरोप झाले.
सोमवारी दुपारी एकला तिनं धाव सुरू केली
आणि टेबलाखाली चप्पल शोधत राहिली, बराच वेळ.

गुरुवारी सकाळी नऊला उत्तर आलं.
उत्तर होतं, नाही.
जहाजाच्या पोटाखाली, जिथे नळी लटकते तिथे,
एकशे एकोणिसाव्या सेकंदाला
ती हवी त्याहून हातभर जास्त वाकत होती.
एकोणीस दिवसांनी आलं असतं
तर हेच उत्तर चौकशीच्या फायलीत लागलं असतं.

एव्हानिल्दोनं आकडे दोनदा वाचले.
जाळी बरोबर आहे? हो.
शपथ? आकड्यांची शपथ नसते, म्हणाली ती.
त्यानं खिडकीतून बंदराकडे पाहिलं,
जहाजावर कुणीतरी लाल चादर वाळत घालत होतं,
आणि फोन उचलला.

रात्री ओलेगारियोंनी विचारलं, काय झालं मग?
गेलं नाही जहाज, ती म्हणाली.
बरं, म्हणाले ते,
आणि पाइपच्या गळक्या जोडाला
चिंधी गुंडाळत बसले.